काळा रंग वजा केला, तर

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, व्हॅल्डोस्टा या गावात डॉ. बर्नार्ड बेक्टेल नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. माणसांच्या कातडीवरचे डाग, चट्टे, कोड बघणं हा त्यांचा पेशा आणि साप पाळणं हा छंद. १९५३ साली शेजारच्याच टापूत, नॉर्थ कॅरोलिनात, एक नर कॉर्न स्नेक पकडला गेला. त्याच्या अंगावर काळा रंग औषधालाही नव्हता. डोळे लाल, पाठ केशरी आणि एरवी काळ्या असणाऱ्या ठिपक्यांच्या कडा चक्क पांढऱ्या. बेक्टेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी या नराच्या वंशाची पैदास हाती घेतली. १९६१ साली बंदिवासातल्या अंड्यांतून तसंच, काळा रंग नसलेलं पिल्लू बाहेर आलं. पुढच्याच वर्षी ‘कोपिया’ या नियतकालिकात दोघा पतिपत्नींचा निबंध छापून आला. कॉर्न स्नेकमधला हा वर्णदोष मेंडेलच्या वाटाण्यांना लागू पडणाऱ्या नियमानेच पुढच्या पिढीत उतरतो, हे त्यांनी पैदास करून दाखवलं होतं.

आज कॉर्न स्नेकचे शेकडो वाण जगभरच्या संग्राहकांकडे आहेत. शुभ्र, गुलाबी, लोणी रंगाचे, जांभळट करडे, रक्तासारखे लालभडक, ठिपक्यांचे, पट्ट्यांचे, तर काही नुसतेच कोरे. या सगळ्या रंगांच्या मागे माणसाची निवड आहे. जंगलात जे पिल्लू एखाद्या घारीच्या नजरेला पडून संपलं असतं, ते माणसाने उचललं, वाढवलं आणि त्याच्याच भाऊबंदांशी त्याची जोडी लावली. रंगाबरोबर आणखी काय काय उचललं गेलं, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

कॉर्न स्नेकला शास्त्रीय भाषेत पँथेरोफिस गटॅटस म्हणतात. लिनियसने १७६६ साली त्याची नोंद केली. न्यू जर्सीपासून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावरच्या बेटांपर्यंत आणि पश्चिमेला लुइझियानापर्यंत हा साप आढळतो. बिनविषारी, स्वभावाने शांत, मक्याच्या कोठारात उंदरांमागे येणारा, म्हणून शेतकऱ्याच्या कामाचा. आपल्या धामणीशी त्याचं नातं आहे, पण ते चुलत-चुलत. दोघांनाही अमेरिकेतला माणूस रॅट स्नेकच म्हणतो. धामण मात्र सहा-सात फुटांची, चपळ आणि तापट. भक्ष्य जबड्यात धरून जमिनीवर दाबते आणि गिळते. कॉर्न स्नेक बहुधा चार-पाच फुटांवर थांबतो आणि उंदराला वेटोळ्यात आवळून मारतो.

पूर्ण वाढलेला रानातला कॉर्न स्नेक हातात घेऊन पाहिला, तर त्याची नक्षी किती थरांची आहे ते ध्यानात येतं. खालचा रंग राखाडीपासून नारिंगीपर्यंत कुठलाही. त्यावर मानेपासून शेपटीपर्यंत ओळीने मोठे लाल-तपकिरी ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती काळी किनार. डोक्यावर भाल्याच्या टोकाच्या आकाराची खूण, डोळ्यातून तोंडाच्या कोपऱ्याकडे जाणारी लाल रेघ. साप उलटा केला तर पोटावर पांढऱ्या-काळ्या चौकटी, एकमेकींना चिकटून, थेट गुदद्वारापर्यंत. पुढे या प्रत्येक गोष्टीचा वेगळा हिशोब झाला. एका वाणात किनार गेली, दुसऱ्यात लाल गेला, तिसऱ्यात पोटाच्या चौकटी गेल्या.

हे कसं होतं हे समजायला कातडीच्या आत डोकवावं लागतं. सापाच्या खवल्यांखाली तीन तऱ्हेच्या रंगपेशी असतात. एकीत काळं-तपकिरी मेलॅनिन, दुसरीत पिवळी आणि लाल द्रव्यं, तिसरीत ग्वानिनचे बारीक स्फटिक. हे स्फटिक स्वतः रंगीत नसतात. प्रकाश परावर्तित करून ते चमक देतात आणि वरच्या थरांतला रंग उजळवतात. भ्रूणात पाठीच्या कण्यालगत तयार झालेल्या पेशी कातडीकडे सरकत जातात आणि तिथे या तिन्हींपैकी कुठलंतरी एक रूप घेतात. माणसाच्या कातडीत रंगाचं काम मुख्यतः मेलॅनिनवर चालतं, त्यामुळे मेलॅनिन बंद पडलं की माणूस पांढराफटक दिसतो. सापाचं तसं नाही. मेलॅनिन गेलं तरी लाल आणि पिवळा जागच्या जागी राहतात, उलट काळ्याची झाक गेल्यामुळे जास्तच खुलतात. बेक्टेल यांचा साप म्हणूनच पांढरा न दिसता केशरी दिसत होता. पैदासकार या वाणाला ‘अमेल’ म्हणतात.

एक रंग वजा होऊ शकतो, तर दुसराही होऊ शकतो. नैऋत्य फ्लोरिडात इमोकली नावाचं शेतीचं गाव आहे. त्या भागात रानातच असे कॉर्न स्नेक मिळतात, ज्यांच्यात लाल रंग नसतो. काळा, करडा आणि राखाडी एवढाच त्यांचा संसार. फक्त वय वाढेल तसा मानेवर थोडा पिवळेपणा उतरतो. हा ‘अनेरी’. त्याच राज्यातल्या पाइन आयलंडवर असाच एक करडा साप मिळाला, पण याच्या मानेवर पिवळा उतरत नव्हता. त्याला पुढे ‘चारकोल’ नाव पडलं. दिसायला दोघे जवळजवळ जुळे. त्यांची जोडी लावली आणि पिल्लं निघाली ती सगळी साधी, लाल-तपकिरी, रानातल्यासारखी. म्हणजे लाल रंग घालवणारे दोन स्वतंत्र दोष दोन वेगळ्या जनुकांत होते आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली होती.

नुसतं डोळ्यांनी पाहून सापाचा वाण सांगता येत नाही, ही पैदाशीच्या धंद्यातली पहिली शिकवण इथून आली. बेक्टेल यांना ती डॉक्टरकीमुळे आधीच ठाऊक होती. माणसांमध्येही एकसारख्या दिसणाऱ्या वर्णहीनत्वामागे वेगवेगळी कारणं असतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोफर स्नेक या दुसऱ्या अमेरिकी सापाच्या कातडीचे तुकडे डोपा नावाच्या रसायनात ठेवून पाहिले. कातडीत टायरोसिनेज हे विकर काम करत असेल तर ते डोपापासून काळं द्रव्य बनवतं आणि रंगपेशी काळ्या पडतात. काही वर्णहीन सापांचे तुकडे काळे पडले, काहींचे पडले नाहीत. एकसारख्या दिसणाऱ्या सापांत दोन निरनिराळे आजार निघाले. माणसांसाठी वापरायची दवाखान्यातली चाचणी सापावर करून बघण्याचं सुचलं, ते रोज कातडी पाहणाऱ्या माणसाला.

अमेल आणि अनेरी हे दोन दोष एकाच सापात आणले की काळाही गेला आणि लालही गेला. उरतो तो गुलाबीसर पांढरा साप. याला ‘स्नो’ म्हणतात. पण तो मिळवणं सोपं नाही. अमेल आणि अनेरी यांची जोडी लावली तर पहिल्या पिढीत सगळी पिल्लं साधी. ती दोन-तीन वर्षांची होऊन वयात आली की त्यांची आपसात जोडी लावायची. त्यांच्या पोटी दर सोळा पिल्लांत सरासरी एक स्नो निघतो, हे शाळेतल्या ९:३:३:१ या प्रमाणाचंच गणित. कॉर्न स्नेकच्या एका विणीत साधारण १० ते ३० अंडी असतात. पंधरा अंड्यांची वीण धरली तर तिच्यात एकही स्नो न निघण्याची शक्यता जवळजवळ ३८ टक्के. तीन दोष एकत्र आणायचे तर प्रमाण चौसष्टात एकावर जातं. ज्यांनी पहिल्यांदा हे वाण उभे केले, त्यांनी दहा-दहा वर्षं सापांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून नोंदी ठेवल्या. त्यांच्या चिकाटीचं मोल कमी लेखू नये.

या मंडळींच्या तोंडी ‘हेट’ हा शब्द सतत असतो. दोष अंगावर दिसत नाही, पण पोटात आहे, असा साप. दोन हेटच्या विणीत साधी दिसणारी जी पिल्लं निघतात, त्यांतलं प्रत्येक पिल्लू वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. म्हणून विक्रीच्या डब्यावर ‘६६ टक्के पॉसिबल हेट’ असं लिहिलेलं असतं. ते खरंच वाहक आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला पिल्लू मोठं करून, त्याची वीण घेऊनच कळत असे.

स्नोचा एक भाऊबंद आहे, ‘ब्लिझर्ड’. अमेल आणि चारकोल हे दोष एकत्र आले की तो होतो. तोही पांढराच. स्नो नर आणि ब्लिझर्ड मादी शेजारी ठेवले तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. पण त्यांची जोडी लावली तर एकही पिल्लू पांढरं निघत नाही. सगळी केशरी-लाल अमेल. आईबापांना दोघांनाही काळा बनवता येत नव्हता, त्यामुळे पिल्लांनाही येत नाही. लाल मात्र आईकडे एका कारणाने बंद होता आणि बापाकडे दुसऱ्याच, म्हणून पिल्लांत तो परत उघडला. आनुवंशशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाला याहून बोलकं उदाहरण सापडणं कठीण आहे.

हे सगळं प्रत्यक्ष दिसतं ते पिल्लं निघण्याच्या हंगामात. हिवाळ्यात सापांना थंड, अंधाऱ्या जागी निजवलेलं असतं. वसंतात जोड्या लागतात, मे-जूनच्या सुमारास अंडी येतात. अंडी एकमेकांना चिकटलेली, चामड्यासारख्या कवचाची. ओलसर व्हर्मिक्युलाइट भरलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात २८ अंश सेल्सिअसच्या आसपास ती ठेवायची आणि साधारण दोन महिने वाट पाहायची. शेवटच्या दिवसांत अंड्यांना खळगे पडू लागतात. मग एका सकाळी कवचावर दोन-तीन बारीक चिरा दिसतात. पिल्लाच्या नाकाच्या टोकावर एक छोटा दात असतो, त्याने त्या पाडलेल्या. चिरेतून चिकट द्रवाचा थेंब येतो, मग नाक. जरा हालचाल झाली की नाक आत. असं दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ चालतं, कारण पोटात उरलेला बलक शोषून घ्यायचा असतो. पैदासकार ओणवा होऊन त्या चिरेतून दिसणारा डोळा बघत असतो. डोळा काळा असेल तर काळा रंग शाबूत आहे. डोळा माणकासारखा लाल असेल तर निदान अमेल तरी आहे. बाकीचं पिल्लू बाहेर आल्यावर.

बाहेर आलेलं पिल्लू असतं पेन्सिलीच्या जाडीचं, वीतभराहून थोडं लांब. अनेरीचं पिल्लू करड्यावर काळपट ठिपक्यांचं. स्नोचं इतकं नितळ गुलाबी की नक्षी उन्हात धरूनच शोधावी लागते. पिल्लू हातात आलं की जाणकार माणूस ते आधी उलटं करतो. पोटावर चौकटी नसतील तर ते बहुधा ‘मोटली’ किंवा ‘स्ट्राइप’ वाणाचं. मोटलीत पाठीवरचे ठिपके एकमेकांना जोडले जाऊन मधल्या जागेचे गोल उरतात, स्ट्राइपमध्ये मानेपासून निघालेल्या रेघा. दोन्ही एकाच जनुकाची दोन बदललेली रूपं आहेत. आठवड्या-दीड आठवड्यात पहिली कात पडते आणि रंग स्वच्छ होतो. नंतर उंदराचं नुकतंच जन्मलेलं, केस न आलेलं पिल्लू त्यांना पहिलं खाणं म्हणून देतात.

सगळेच वाण असे एका जनुकाच्या हिशोबात बसत नाहीत. साउथ कॅरोलिनातल्या जॅस्पर काउंटीत ओकीटी नावाच्या शिकार क्लबची मोठी जमीन होती. स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाचे कार्ल कॉफेल्ड तिथे साप शोधायला जात. पडक्या झोपड्यांचे पत्रे, फळ्या उचलायच्या आणि खाली काय आहे ते पाहायचं. तिथले कॉर्न स्नेक गडद नारिंगी, ठिपके रक्तवर्णी आणि प्रत्येकाला ठसठशीत काळी किनार. कॉफेल्ड यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या जागेबद्दल इतक्या प्रेमाने लिहिलं की देशभरातले सापवेडे तिकडे लोटले. ‘ओकीटी’ हे नाव पुढे वाणालाच पडलं. त्यात कुठलाही दोष नाही. पिढ्यान्‌पिढ्या जास्त नारिंगी, जास्त रुंद किनारीची पिल्लं राखून ठेवत हा वाण उजळवत नेलेला आहे. आपल्याकडचा शेतकरी चांगल्या कणसाचं बियाणं बाजूला काढतो, तेच काम. रानातल्याच सापाचं हे घासूनपुसून लख्ख केलेलं रूप, सगळ्या पांढऱ्या-गुलाबी वाणांच्या गर्दीतही सर्वांत देखणं म्हणावं असं.

नक्षीचा प्रश्न रंगाहून अवघड आहे. ठिपका नेमका कुठे पडायचा हे पेशीला कोण सांगतं? गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ साली एक कल्पना मांडली होती. एकमेकांना चालना देणारी आणि रोखणारी दोन द्रव्यं वेगवेगळ्या वेगाने पसरत गेली, तर एकसारख्या कोऱ्या जागेवरही आपोआप ठिपके आणि पट्टे उमटू शकतात. जेम्स मरे आणि मेरी मायर्सकॉ यांनी १९९१ साली सापांच्या नक्षीसाठी याच धर्तीचं गणिती प्रारूप तयार केलं. त्यात रंगपेशी स्वतः हलतात आणि रासायनिक खुणेमागे गोळा होतात. समीकरणांतले आकडे थोडे बदलले की ठिपक्यांचे पट्टे होत होते. कागदावर हे छान जमलं, पण खऱ्या सापात ते आकडे कोणत्या जनुकाच्या हाती आहेत, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते शोधायला छंदी लोकांनी साठ वर्षं राखलेले वाणच उपयोगी पडले. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा विद्यापीठात मिशेल मिलिन्कोविच आणि अथानासिया त्झिका यांच्या प्रयोगशाळांत कॉर्न स्नेकची पैदास होते. उंदीर किंवा माशाच्या प्रयोगशाळेत मुद्दाम दोष घडवावे लागतात. इथे ते आयते मिळाले. २०१५ साली या गटाने अमेलचं कोडं सोडवलं. दोष ओसीए-२ या जनुकात होता. जीनोममध्ये जागा बदलत फिरणारा डीएनएचा एक तुकडा या जनुकाच्या मधोमध येऊन बसला होता. लिहून पूर्ण झालेल्या वाक्यात कुणी भलताच परिच्छेद घुसवावा आणि अर्थच लागू नये, तशी त्या जनुकाची गत झाली होती. याच जनुकातल्या बिघाडाने माणसांमध्ये वर्णहीनत्वाचा एक प्रकार होतो. बेक्टेल यांच्या दवाखान्यातले रुग्ण आणि त्यांच्या पिंजऱ्यातले साप यांना जोडणारा हा दुवा सापडायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

२०२० साली आला ‘लॅव्हेंडर’. करड्या-जांभळ्या झाकेचा, मंद रंगाचा हा वाण. त्याच्यात लिस्ट नावाचं जनुक बिघडलेलं निघालं. माणसांत हे जनुक बिघडलं तर चेडियाक-हिगाशी हा गंभीर आजार होतो. कातडीचा रंग फिकट होतो आणि रोगप्रतिकारशक्ती ढासळते. सापात एका बिघाडाने तिन्ही तऱ्हेच्या रंगपेशींवर परिणाम झालेला दिसला. त्यावरून संशोधकांनी दाखवून दिलं की काळा, लाल आणि चमकणारा, या तिन्ही रंगद्रव्यांच्या पिशव्या पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या लायसोसोमच्याच गोतावळ्यातल्या आहेत. शोभेसाठी वाढवलेल्या एका जांभळट सापाने पेशीशास्त्रातला मूलभूत प्रश्न सोडवायला मदत केली.

नक्षीचा धागा हाती लागला २०२४ मध्ये. ‘टेराझो’ वाणात पाठीवरच्या ठिपक्यांच्या जागी रेघा आणि बारीक ठिपके असतात. त्याचा दोष पीमेल या जनुकात निघाला. तोवर या जनुकाचं काम मेलॅनिन साठवायचा सांगाडा उभा करणं, एवढंच मानलं जात होतं. ठिपक्याचा पट्टा होण्यातही त्याचा हात असेल, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. ट्युरिंग यांच्या समीकरणांना जनुकांची नावं मिळायला अशी सुरुवात झाली आहे.

पांढरा साप राखणं हे अमेरिकी छंदिष्टांचंच वेड आहे असंही नाही. जपानमध्ये यामागुची प्रांतात इवाकुनी हे शहर आहे. तिथला आओदाइशो, म्हणजे जपानी रॅट स्नेक, एरवी हिरवट-तपकिरी. पण इवाकुनीत शेकडो वर्षं पांढरे, लाल डोळ्यांचे आओदाइशो आढळत आले. १७३८ सालच्या एका नोंदीत त्यांचा उल्लेख आहे. लोक त्यांना मारत नसत, कारण पांढरा साप हा बेन्झाइतेन देवीचा दूत. ही बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेली आपली सरस्वती. १९२४ साली सरकारने हे साप नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर केले, १९७२ साली पुन्हा नव्याने. पुढे संख्या घटली तेव्हा त्यांची पैदास करून वंश जपला गेला. २०१८ साली जपानी संशोधकांनी पांढऱ्या आओदाइशोचं जनुक तपासलं. दोष टायरोसिनेजमध्ये होता, बेक्टेल ज्याची चाचणी डोपाने घेत होते त्याच विकराच्या जनुकात. अमेरिकी अमेलचा दोष निराळा, जपानी सापाचा निराळा. एकाला बाजाराने राखलं, दुसऱ्याला श्रद्धेने. दोन्हीकडे निसर्गाने एरवी पुसून टाकलं असतं ते माणसामुळे टिकलं.

महाराष्ट्रात धामणीच्या वाट्याला श्रद्धा आली ती उलटी. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ती नागाची मादी असते, असे समज आजही गावोगाव ऐकू येतात. दोन नर धामणींची झटापट पाहून नाग-धामणीची जोडी लागली म्हणणारेही आहेत. धामण कोणत्या रंगाची असते, या प्रश्नालाही एक उत्तर नाही; पिवळट, ऑलिव्ह, तपकिरी, जवळजवळ काळी, सगळ्या छटा शेतात दिसतात. सर्पमित्रांना अधूनमधून वर्णहीन धामण किंवा नागही सापडतो आणि त्याचे फोटो गावभर फिरतात. पण धामण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. तिला पकडून पाळणं, विकणं हा गुन्हा आहे, त्यामुळे तिच्या रंगांचे वाण कुणी काढले नाहीत, आणि काढू नयेत.

परदेशी सापांचा शौक मात्र मुंबईपर्यंत पोचला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाचं सामान उघडलं. बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत ११ जिवंत साप होते. ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. त्यांना विमान कंपनीच्या ताब्यात देऊन परत पाठवण्यात आलं. कॉर्न स्नेक बॉल पायथनसारखा आंतरराष्ट्रीय व्यापारबंधनांच्या यादीत नाही. तरी परवान्याशिवाय जिवंत प्राणी देशात आणता येत नाही. बिस्किटाच्या पुड्यात गुदमरत आलेल्या सापाला कसला छंद आणि कसलं प्रेम?

चोरून आणलेला साप एखाद्या दिवशी निसटला किंवा कंटाळून सोडून दिला, तर काय होतं, याचं उत्तर स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर आहे. तिथे मुळात एकही साप नव्हता. पाळलेले कॅलिफोर्निया किंग स्नेक रानात गेले आणि १९९८ पासून ते तिथे नोंदले जाऊ लागले. त्यांत वर्णहीन आणि पट्टेवाले, म्हणजे उघड उघड पैदाशीतले साप होते. पांढरा साप रानात तगत नाही, असं म्हणणाऱ्यांना या बेटाने खोटं पाडलं. ज्या बेटावर सापाला खाणारं फारसं कुणी नाही आणि सापाला ओळखणारा सरडा नाही, तिथे रंगाची किंमत मोजावीच लागत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की साप पसरलेल्या भागात बेटावरच्या मोठ्या स्थानिक सरड्याची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली होती.

आणि पैदाशीच्या आत, डब्यांच्या रांगांत काय चाललंय? अमेल साप बंदिवासात धडधाकट जगतो. पंधरा-वीस वर्षं सहज. त्याच्यापुरतं बोलायचं तर माणसाच्या हौसेने त्याचं फार बिघडलं नाही. पण कॉर्न स्नेकचा चुलतभाऊ टेक्सास रॅट स्नेक याचा निळ्या डोळ्यांचा, दुधासारखा पांढरा वाण आहे आणि त्यात डोळे बटबटीत, बाहेर आलेले असलेली पिल्लं वारंवार निघतात. खवले नसलेला कॉर्न स्नेकही मिळतो. पाठ गुळगुळीत, रबरासारखी, रंग भडक. पोटाखालचे खवले तेवढे शाबूत असतात, म्हणून तो सरपटू शकतो. खवला हे सापाचं कवच. ते काढून घेतलेला साप कुणी आवडीने विकत घ्यावा, याचं समर्थन रंग कितीही मोहक असला तरी करता येत नाही.

संकराचा प्रश्नही आहे. ‘क्रीमसिकल’ म्हणून विकला जाणारा साप अमेल कॉर्न स्नेक आणि ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक यांच्या संकरातून आला. ‘अल्ट्रा’ नावाचा गुण राखाडी रॅट स्नेककडून आला असावा, असं बहुतेक पैदासकार मानतात. अशा सापाची तिसरी-चौथी पिढी शुद्ध कॉर्न स्नेक म्हणून विकली जाते तेव्हा विकणाऱ्यालाही खरं काय ते ठाऊक नसतं. संकर करणं वाईटच, असं नाही. नोंद न ठेवता करणं वाईट.

नोंदीचं महत्त्व सगळ्यांत जास्त पटलं ते ‘स्टारगेझर’मुळे. ‘सनकिस्ड’ या उबदार, नारिंगी वाणात काही पिल्लं अशी निघू लागली की ज्यांना तोल सांभाळता येईना. मान वर वळायची, डोकं छताकडे, घाबरलं की अंग पिळवटून उलटं व्हायचं आणि सरळ होता यायचं नाही. तपासाअंती हा अप्रभावी आनुवंशिक दोष निघाला. सनकिस्डच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता. वाणाच्या सुरुवातीच्या सापांत तो लपलेला होता आणि रंगासाठी जवळच्या नात्यात जोड्या लावत गेल्याने वर आला. वाहक साप दिसायला, चालायला, खायला अगदी निरोगी. तो ओळखायचा तर ज्ञात वाहकाशी जोडी लावून पिल्लं निघेपर्यंत थांबायचं आणि त्यात आजारी पिल्लं जन्माला घालायची, एवढाच मार्ग होता. काही पैदासकारांनी तो पत्करला, वर्षानुवर्षं चाचणीच्या विणी घेतल्या आणि निकाल एकमेकांना कळवले.

आता पडलेल्या कातीचा तुकडा पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवला की डीएनए तपासून उत्तर मिळतं. सापाला टोचावंही लागत नाही. वाहक निघालेल्या सापाचं पुढे काय करायचं, यावर मात्र मतं दोन आहेत. एक पक्ष म्हणतो, त्याला पैदाशीतून काढूनच टाका. दुसरा म्हणतो, वाहक सरसकट काढले तर वाण आणखी आक्रसेल आणि उरलेल्यांत दुसरा एखादा लपलेला दोष वर येईल. त्यापेक्षा निर्दोष जोडीदाराशी जोडी लावा, प्रत्येक पिल्लाची कात तपासा आणि निर्दोष तेवढी पुढे ठेवा. दुसरा मार्ग खर्चाचा आणि सावकाशीचा आहे, पण रंग आणि साप दोन्ही राखायचे असतील तर तोच धरावा लागेल. त्यासाठी पैदासकाराला पहिल्या कातीपासून प्रत्येक पिल्लाच्या डब्यावर आईबापांचं नाव आणि चाचणीचा निकाल लिहावा लागतो, आणि विकताना तो कागद पिल्लाबरोबर द्यावा लागतो.